आधी हात बघा: नवख्या गोल्फरसाठी ग्रिपची शिकवणी

पहिलं वर्षभर मी गोल्फ खेळलो तो बहुतेक उजव्या बाजूच्या झाडीत. बॉल निघायचा बरा, पण शंभरेक यार्ड गेला की केळ्यासारखा वाकडा होऊन उजवीकडे पळायचा. मी खांदे तपासले, पाय तपासले, व्हिडिओ बघून कंबर कशी फिरवायची तेही पाठ केलं. शेवटी एके सकाळी चार होल गप्प चाललेला, माझी बॅग वाहणारा एक वयस्क कॅडी न राहवून म्हणाला, "साहेब, स्विंग राहू द्या. आधी हात बघा."

हात बघितले. मी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, बॅटसारखा धरला होता.

आपल्याकडे गोल्फला येणारे बरेच जण तिशी-चाळिशीत येतात आणि त्याआधी गल्लीत का होईना, क्रिकेट खेळलेले असतात. बॅट असते किलो-सव्वा किलोची, तिला तळहाताचा आधार लागतो आणि बॉल समोरून वेग घेऊन येतो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, भरतो जेमतेम ३०० ग्रॅम आणि बॉल टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर, ढिम्म बसलेला असतो. सगळा वेग तुम्हालाच आणायचा असतो आणि तो येतो मनगटाच्या घडीतून. क्लब तळहातात घट्ट रुतवला की मनगट घडी घालायला मोकळंच राहत नाही. मग माणूस खांद्याने ढकलतो, दम लागतो आणि बॉल दीडशे यार्डही जात नाही.

हा लेख उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिला आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं. एक गंमत अशी की अमेरिकन गोल्फर फिल मिकेलसन एरवी उजवखुरा, पण गोल्फ डाव्या बाजूने खेळतो. लहानपणी वडिलांच्या समोर उभं राहून, आरशात बघितल्यासारखं तो शिकला. तेव्हा तुम्ही बॅटिंग डावीकडून आणि बाकी सगळं उजवीकडून करत असाल, तर दोन्ही बाजूंचे क्लब एकेकदा फिरवून बघा आणि मगच सेट विकत घ्या.

हाताचा आणि बॉलचा संबंध काय

क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, बॉलला टेकलेला असतो तो अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा दोनहजारावा भाग. तेवढ्यात काही सुधारता येत नाही. त्या क्षणी फेस जिकडे बघतो, साधारण तिकडेच बॉल निघतो. ड्रायव्हरच्या बाबतीत बॉलच्या सुरुवातीच्या दिशेचा सुमारे ८५ टक्के आणि आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या, बाबतीत सुमारे ७५ टक्के भाग फेस ठरवतो. उरलेला ठरवते क्लब ज्या वाटेने येतो ती वाट. फेस आणि वाट यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असली की बॉल हवेत वळतो. फेस वाटेपेक्षा उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा असेल, तर बॉल उजवीकडे वळतो. तो स्लाइस. फेस मिटलेला असेल तर डावीकडे वळतो. तो हुक.

२०० यार्डांवर १ अंशाची चूक म्हणजे बॉल साडेतीन यार्ड बाजूला. ४ अंश चुकले तर १४ यार्ड, आणि यात हवेतलं वळण धरलेलंच नाही. एवढी बारीक गोष्ट कोण सांभाळतं? तुमचे दोन हात. तुमचं शरीर क्लबला लागतं ते फक्त तिथे.

आता क्लब न घेता एक प्रयोग करा. उभे राहा, दोन्ही हात सैल सोडा, कमरेतून थोडे पुढे वाका. डाव्या हाताकडे बघा. हाताची मागची बाजू सरळ डावीकडे, म्हणजे लक्ष्याकडे, बघत नाही. ती किंचित पुढे वळलेली असते. तुम्हाला बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन, फार तर अडीच गाठी दिसतात. हात जोरात फिरताना क्लबच्या ओढीने ताणला जातो तेव्हा तो याच नैसर्गिक ठेवणीकडे परत येतो. ग्रिपचं, म्हणजे क्लबच्या पकडीचं, सगळं शास्त्र मला विचाराल तर एवढंच आहे. क्लब धरताना हात त्या ठेवणीत असेल, तर फेस जसा ठेवला तसा परत येईल. हात डावीकडे पिळून धरला असेल, तर स्विंगमध्ये तो उजवीकडे सुटेल आणि फेस उघडेल. उजवीकडे पिळून धरला असेल, तर डावीकडे सुटेल आणि फेस मिटेल.

यांनाच गोल्फर मंडळी वीक आणि स्ट्राँग ग्रिप म्हणतात. या शब्दांनी नवख्यांचा फार घोटाळा होतो. त्यांचा जोराशी, ताकदीशी काहीही संबंध नाही. हात शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, किती फिरवून ठेवला आहे, एवढंच ते सांगतात. डाव्या हाताची एकच गाठ दिसली तर वीक, दोन-अडीच दिसल्या तर न्यूट्रल, तीन किंवा चार दिसल्या तर स्ट्राँग. अगदी मऊ हाताने धरलेली ग्रिपही स्ट्राँग असू शकते.

पायरी पहिली: फेस आधी, हात नंतर

७ नंबरचं आयर्न घ्या. शिकायला ड्रायव्हर नको. क्लबचं डोकं जमिनीवर टेकवा आणि फेसची सगळ्यात खालची कड लक्ष्याच्या रेषेला काटकोनात लावा. घरी फरशीच्या सांध्यावर हे उत्तम जमतं. उजव्या हाताने शाफ्ट वरच्या टोकाच्या रबराच्या खाली धरून क्लब तसाच स्थिर ठेवा आणि मग डावा हात आणा.

हा क्रम चुकला की पुढचं सगळं वाया जातं. नव्वद टक्के लोक आधी क्लब मुठीत घेतात आणि मग फेस सरळ दिसेपर्यंत मनगटं पिळतात (हा आकडा माझ्या डोळ्यांचा, कुठल्या पाहणीचा नाही). हात आणि क्लब एकत्र फिरवले तर ग्रिप बदलतच नाही, फक्त फेस वाकडा होतो. "ग्रिप स्ट्राँग केली तरी स्लाइस जात नाही" असं सांगणाऱ्याला ती कशी केली ते करून दाखवायला सांगा. तो क्लबसकट हात वळवून दाखवेल. क्लब जागेवर आणि हात त्याच्याभोवती फिरलेला, असं असेल तरच ती ग्रिप बदलली.

पायरी दुसरी: डावा हात, बादलीच्या कडीसारखा

भरलेली बादली तुम्ही कशी उचलता ते आठवा. कडी तळहाताच्या मध्यावर कोणी घेत नाही. ती आपोआप बोटांच्या मुळाशी, पेरांत जाऊन बसते. डाव्या हातात क्लब तसा बसायला हवा. करंगळीच्या मुळापासून निघून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत, जरा तिरपा.

बोटं मिटली की तळहाताची जाड गादी, करंगळीच्या बाजूची, क्लबच्या वर येऊन बसली पाहिजे. खाली बोटं आणि वर गादी अशा चिमट्यात क्लब अडकतो. बरोबर बसलंय का हे बघायला एक जुनी परीक्षा आहे. अंगठा आणि बाकीची तीन बोटं सोडून फक्त तर्जनी आणि ती गादी यांच्यावर क्लब पेलून धरा. क्लब आडवा राहिला तर जागा बरोबर. तो खाली लवंडत असेल तर क्लब तळहातात गेलेला आहे.

अंगठा शाफ्टच्या अगदी डोक्यावर नको, मध्यापासून जरासा उजवीकडे हवा. आणि तो लांब ताणू नका. ताणला की क्लब पुन्हा तळहातात सरकतो. अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं मधलं पेर साधारण एका पातळीत आलं की पुरे.

आता खाली बघा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये इंग्रजी व्हीसारखी खाच दिसेल. तिचं टोक उजवा खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये कुठेतरी रोखलेलं हवं. गाठी मोजा: दोन किंवा अडीच. वर क्लबचं टोक हाताबाहेर बोटभर रुंदीइतकं उरू द्या. अगदी टोकाला धरलं की करंगळीखालून क्लब निसटतो.

या हाताला वेळ द्या. माझ्या मते ग्रिपचं बरंचसं काम डाव्या हातातच होऊन जातं, उजवा नंतर सोबतीला येतो. पण उजवखुऱ्या माणसाला नेमका उलटा मोह होतो, कारण ताकद उजव्यात असते.

पायरी तिसरी: उजवा हात

उजवा हात बाजूने आणा, जणू कोणाशी हस्तांदोलन करताय. तळवा लक्ष्याकडे बघणारा, वरून झाकणारा नाही आणि खालून पेलणारा तर मुळीच नाही. क्लब मधल्या दोन बोटांच्या पेरांत बसवा. मग तळहातावरची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर अशी मिटा की डावा अंगठा जवळजवळ दिसेनासा होईल. तर्जनी मधल्या बोटापासून किंचित दूर, बंदुकीच्या घोड्यावर ठेवल्यासारखी. उजव्या हाताची व्हीसुद्धा डाव्याच्या व्हीला समांतर हवी. दोन व्ही वेगवेगळ्या दिशांना बघत असतील तर दोन हात एकमेकांशी भांडणार, आणि त्या भांडणात रोज कोण जिंकेल याचा नेम नसतो. एक बॉल डावीकडे आणि पुढचा उजवीकडे जाणारे खेळाडू बहुधा हेच असतात.

विटीदांडूची सवय असलेले लोक उजवा हात खाली घालून, उचलून मारल्यासारखा धरतात. बॉल हवेत उडवायचा असतो, तेव्हा खालून उचलावा असं मनाला वाटतंच. पण बॉल उडवायला क्लबच्या फेसला तिरपेपणा दिलेलाच आहे. तुम्ही उचलायला गेलात की क्लब बॉलच्या आधी जमिनीत घुसतो, नाहीतर बॉलच्या डोक्यावर लागतो.

पायरी चौथी: दोन हातांची जोड

इथे तीन वाटा आहेत. उजवी करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर नुसती ठेवणं, हे ओव्हरलॅप. जर्सी बेटावरच्या हॅरी व्हार्डनने ती लोकप्रिय केली म्हणून तिला व्हार्डन ग्रिप म्हणतात, जरी त्याच्याआधी स्कॉटलंडचा जॉनी लेडले तशी धरत असे. व्हार्डनने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली, त्यामुळे नाव त्याचं राहिलं. दुसरी वाट म्हणजे उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकांत गुंतवणं, इंटरलॉक. जॅक निकलस आणि टायगर वुड्स दोघेही असंच धरतात. निकलसचे हात लहान होते आणि लहान हातांना ही जोड सोयीची पडते. तिसरी म्हणजे दहाही बोटं क्लबवर. मुलं, सांधे दुखणारे, मनगटात कमी बळ असलेले यांच्यासाठी ती चांगली. फक्त दोन हातांमध्ये फट ठेवू नका.

यात कोणती श्रेष्ठ यावर क्लबहाऊसमध्ये तासनतास वाद होतात. मला तो वाद फुकटचा वाटतो. जी जोड दिवसभर दुखत नाही ती घ्या. इंटरलॉक करणाऱ्यांना एकच सूचना: बोटं मुळापर्यंत गुंतवू नका, नाहीतर उजवा हात ओढला जाऊन क्लब पुन्हा तळहातात जातो.

पायरी पाचवी: जोर किती

लहान मुलाचा हात धरून तुम्ही लक्ष्मी रोड ओलांडताय असं समजा. हात सुटता कामा नये आणि मूल रडताही कामा नये. दहापैकी चार-पाच इतका जोर. तो सगळ्या बोटांवर सारखा नसतो. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्या हाताची मधली दोन, ही कामाची. दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या नुसत्या टेकलेल्या. अंगठा आणि तर्जनी आवळली की हातापासून कोपरापर्यंतचा वरचा स्नायू ताठ होतो. क्लब न घेताही डाव्या हाताची चिमूट घट्ट करून उजव्या हाताने मनगटाच्या वर चाचपून बघा, लगेच कळेल.

पण खरी गोम पुढे आहे. उभं राहताना चार असलेला जोर खाली येताना नऊ होतो. अंगात जोर आणायचा म्हणून माणूस आधी हातच आवळतो. हात आवळले की मनगटाची घडी वेळेआधी उघडते, दंडापासून बोटांपर्यंतचा भाग आखडून किंचित आखूड होतो आणि क्लब बॉलच्या पोटाऐवजी डोक्याला लागतो. बॉल जमिनीवरून सरपटत जातो. याला आपण 'टॉप' म्हणतो आणि सगळे ओरडतात, "मान वर केलीस!" बऱ्याचदा मान नव्हे, मूठ दोषी असते.

याच्या उलट चूक स्विंगच्या माथ्यावर होते. डाव्या हाताची शेवटची बोटं उघडतात आणि खाली येताना पुन्हा मिटतात. तेवढ्यात फेस फिरलेला असतो आणि क्लब नेमका कुठून येतोय हे तुमच्या हातांनाच ठाऊक नसतं. मग कधी बॉलच्या आधी माती, कधी बॉलची नुसती टोपी. हे पकडायला डाव्या हाताच्या गादीखाली आंब्याचं किंवा कोणत्याही झाडाचं एक पान ठेवा आणि सावकाश अर्धा स्विंग करा. पान पडलं तर हात उघडला.

पकड चुकली की स्विंग काय करतो

हे समजायला मला दोन वर्षं लागली, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

शरीर हुशार असतं. तुमची ग्रिप वीक आहे आणि बॉल सारखा उजवीकडे जातोय हे त्याला महिन्याभरात कळतं. तुम्हाला न विचारता ते उपाय सुरू करतं. आधी उभं राहताना खांदे डावीकडे वळतात. मग क्लब बाहेरच्या बाजूने आत ओढला जातो, बॉल डावीकडे काढण्यासाठी. आता फेस उघडा आणि वाट बाहेरून आत. दोन्हींमधलं अंतर वाढलं, म्हणजे स्लाइस आणखी मोठा. मग शरीर आणखी डावीकडे ओढतं. नवख्यांचा सुप्रसिद्ध स्लाइस हा असा स्वतःच्याच शेपटीमागे धावतो.

स्ट्राँग ग्रिपवाल्याचं उलट. फेस मिटतो, बॉल डावीकडे खाली गोता खातो, म्हणून तो बॉल लागताना हात फिरू न देता अडवून धरतो. डावं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर येतं. बघणारा सांगतो, "कोपर सरळ ठेव." त्याने कोपर सरळ ठेवलं की पुढचा बॉल डावीकडच्या कुंपणाबाहेर. कोपर हा त्याचा दोष नव्हताच, तो त्याचा इलाज होता.

म्हणून क्रम लक्षात घ्या. स्विंगमध्ये काही विचित्र दिसलं तर ते बहुधा पकडीला उत्तर म्हणून आलेलं असतं. आधी प्रश्न बदला.

आता कोणी म्हणेल, मोठमोठे खेळाडू न्यूट्रल नसलेल्या ग्रिपने जिंकलेत की. जिंकलेत. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर कमालीच्या स्ट्राँग ग्रिपने खेळला आणि १९८५ व १९९३ साली मास्टर्स जिंकला. बेन होगनला हुकने छळलं होतं, तेव्हा त्याने डावा हात वीक करून घेतला आणि १९५३ साली मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा खिशात घातल्या. आणि सगळ्यात विलक्षण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा भारतीय वंशाचा पापवा सेवगोलम. कॅडीचं काम करता करता तो शिकला. त्याचा डावा हात उजव्याच्या खाली असायचा, म्हणजे आपण आत्ता जे शिकलो त्याच्या बरोबर उलट. तशा पकडीने त्याने डच ओपन तीनदा जिंकली, १९५९, १९६० आणि १९६४ साली. १९६३ साली डर्बनमध्ये त्याने नाताल ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबहाऊसमध्ये प्रवेश नव्हता. त्याला करंडक बाहेर, पावसात दिला गेला.

या तिघांनी आपापल्या पकडीला जुळणारा स्विंग हजारो बॉल मारून घडवला होता. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाणाऱ्याला एवढा वेळ कुठून मिळणार? त्याने मधल्या रस्त्याने जावं. आणि या तिघांपैकी कोणाचीही पकड रोज बदलत नव्हती, हेही बघा. आजचा स्कॉटी शेफलर जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला, तरी सरावाच्या वेळी बोटांचे खळगे असलेली ग्रिप (इथे क्लबवरचं रबर) बसवलेला क्लब हातात घेऊन हात जागेवर आहेत ना ते तपासतो. तसली साच्यातली ग्रिप स्पर्धेत नियमाने चालत नाही, ती फक्त सरावापुरती. पण तुम्हाला मिळाली तर जरूर घ्या.

दहा बॉलची परीक्षा

ग्रिप बदलण्याआधी रेंजवर ७ आयर्नने दहा बॉल मारा आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: निघाला कुठे, वळला कुठे. सोबत व्हाइटबोर्डचं मार्कर न्या. बॉलवर ठिपका काढून तो ठिपका फेसकडे ठेवून मारला तर फेसवर छाप उमटतो आणि बॉल मध्यावर लागला, टोकाला की टाचेला, ते दिसतं. हा कागद जपून ठेवा.

बहुतेक बॉल उजवीकडे वळत असतील तर डावा हात क्लबवर उजवीकडे थोडा फिरवा, अर्धी गाठ जास्त दिसेल एवढाच, आणि उजवा हात त्याला समांतर न्या. डावीकडे वळत असतील तर उलट. एका वेळी अर्ध्या गाठीपेक्षा जास्त नको.

पहिला दिवस भयंकर जाईल. नवी पकड परक्या माणसाच्या चपलेसारखी वाटते. त्यातून एक फसवी गोष्ट घडते, तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवतो. स्लाइसवाल्याने ग्रिप नीट केली की बॉल सरळसोट डावीकडे जायला लागतो, न वळता. लोक घाबरतात आणि जुन्या पकडीवर परत जातात. अहो, ही तर चांगली खूण आहे! फेस सुधारला, पण क्लबची वाट अजून जुनीच, बाहेरून आत. आता शरीराला हळूहळू कळेल की डावीकडे ओढायची गरज उरलेली नाही. तुम्ही फक्त खांदे लक्ष्याच्या रेषेला समांतर आहेत ना तेवढं बघा आणि कमरेएवढ्या उंचीचे छोटे स्विंग मारा, दोन्ही पाय जवळ घेऊन. पाय जवळ असले की आडदांडपणा करता येत नाही, तोल जातो.

घरी रोज दहा मिनिटं पुरतात. टीव्हीसमोर बसा, क्लब घ्या, पकड लावा, सोडा, पुन्हा लावा. बॉल नको, स्विंग नको. पंख्याला आणि ट्यूबलाइटला जपा. पंधरा दिवस असं केल्यावर रेंजवर जाऊन तेच दहा बॉल पुन्हा मारा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवून बघा. मधल्या काळात मित्रांशी पैज लावून खेळू नका. हरण्याच्या भीतीने हात पहिल्या दोन होलांतच जुन्या जागी परत जातात.

घाम, हातमोजा आणि रबर

मुंबई, खारघर किंवा गोव्यात खेळणाऱ्यांची अडचण डोंगरावरच्या कोर्सवाल्यांना कळणार नाही. मे महिन्यात सातव्या होलपर्यंत ग्लव्ह चिंब होतो, क्लब निसटू नये म्हणून हात आपोआप आवळतो आणि सकाळी सरळ जाणारा बॉल दहा वाजता टॉप व्हायला लागतो. स्विंग बिघडलेला नसतो, घाम आलेला असतो. दोन ग्लव्ह ठेवा आणि आलटून पालटून वापरा. ओला ग्लव्ह पिळून बॅगेत कोंबू नका, बाहेर लटकवा. कातडी ग्लव्ह हाताला छान बसतो पण घामाने लवकर कडक होतो. आमच्या दमट हवेत सिंथेटिक जास्त टिकतो. सुती धागे असलेल्या कॉर्डच्या ग्रिप ओल्या हातात धरून ठेवतात, मात्र ग्लव्ह नसलेल्या उजव्या हाताला खरखरीत लागतात.

जुन्या ग्लव्हला भविष्य विचारू नका, पण भूतकाळ तो नेमका सांगतो. करंगळीखालच्या गादीवर भोक पडलं असेल तर क्लब तळहातात आहे आणि प्रत्येक स्विंगला घासतोय. अंगठ्यावर झिजला असेल तर अंगठा लांब ताणलेला किंवा फार दाबलेला आहे. हाताच्या घट्ट्यांचंही तसंच. बोटांच्या मुळाशी हलके घट्टे चालतात, तळहाताच्या मधोमध नकोत.

क्लबवरचं रबर दर काही फेऱ्यांनंतर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने धुवा, मऊ ब्रशने घासा आणि सावलीत वाळवा. चकाकायला लागलं की वर्षभरात बदला. सेकंडहँड सेट घेतलात तर सगळ्यात आधी हाच खर्च करा. नवा ड्रायव्हर पुढच्या वर्षी. जाड-बारीक ग्रिपबद्दल दुकानदार बरंच काही सांगतील. साधा निकष असा की डावा हात मिटल्यावर मधल्या दोन बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकावीत. ती आत रुतत असतील तर ग्रिप बारीक, आणि मध्ये फट राहत असेल तर जाड.

जिथे ही पकड सोडायची

पटरवर, म्हणजे बॉल भोकात ढकलायच्या क्लबवर, हे सगळं विसरा. तिथे मनगट हलायला नको असतं, म्हणून क्लब मुद्दाम तळहातात घेतात. बहुतेक जण डावी तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवर आडवी ठेवतात, म्हणजे ओव्हरलॅपच्या उलट. पटरची ग्रिप पुढून सपाट असते ती दोन्ही अंगठे तिथे सरळ ठेवता यावेत म्हणूनच. डावा हात खाली घेऊन पट मारणारेही आता पुष्कळ आहेत. पापवा बघायला असता तर हसला असता.

ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, जवळून छोटा चिप, म्हणजे हलका उचललेला फटका, मारताना क्लब इंच-दीड इंच खाली धरा. लांब गवतात बॉल बसला असेल तर डाव्या हाताची शेवटची तीन बोटं नेहमीपेक्षा घट्ट करा, कारण गवत शाफ्टला विळखा घालून फेस मिटवतं. बंकरमधल्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातल्या, साध्या शॉटसाठी फेस थोडा उघडायचा असतो. तिथेही क्रम तोच: आधी क्लब फिरवून फेस उघडा, मग हात लावा.